६,८१,२१० कोटी नेमके कुठे शोधायचे? केंद्रीय अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळाचा आढावा

२०२५-२६ चा अर्थसंकल्प आला तेव्हा संरक्षण खर्चाचे दोन आकडे बातम्यांत होते. एक ४,९१,७३२ कोटी रुपयांचा, दुसरा ६,८१,२१० कोटींचा. तफावत जवळपास एक लाख नव्वद हजार कोटींची, आणि तरी दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला 'बजेट ॲट अ ग्लान्स' या पुस्तिकेतला आहे. तिथे 'संरक्षण' या ओळीत सैन्यदलांचा महसुली (पगार, इंधन, दारूगोळा असा रोजचा) आणि भांडवली (विमानं, तोफा यांसारख्या खरेदीचा) खर्चच धरतात. दुसऱ्यात निवृत्तिवेतन आणि मंत्रालयाचा नागरी खर्चही येतो. कोणता आकडा कुठून आला हे एकदा कळलं की गोंधळ संपतो, आणि ते कळण्याची एकमेव खात्रीची जागा म्हणजे अर्थ मंत्रालयाचं 'इंडियाबजेट' हे संकेतस्थळ. सैन्याला पुरेसा पैसा मिळावा असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला हे संकेतस्थळ वापरता आलं पाहिजे. म्हणून एक सरकारी सेवा म्हणून त्याचा हा आढावा. उदाहरणांसाठी २०२५-२६ चेच कागद घेतले आहेत.

भाषण संपलं की थोड्याच वेळात सगळी कागदपत्रं इथे चढतात, पैसे पडत नाहीत, नोंदणी लागत नाही. भाषण, वार्षिक वित्तीय विवरणपत्र, अनुदानाच्या मागण्या, वित्त विधेयक, खर्चाचा अर्थसंकल्प, जमेचा अर्थसंकल्प असे विभाग मांडलेले आहेत. संरक्षणासाठी यातला एकच विभाग खरा कामाचा: 'एक्स्पेंडिचर बजेट', म्हणजे खर्चाचा अर्थसंकल्प. भाषणात संरक्षणाचा तपशील शोधत बसू नये, तिथे फार तर एखाददुसरं वाक्य मिळतं. वित्त विधेयकही बाजूला ठेवावं. ते करांचं विधेयक आहे, खर्चाला मंजुरी देणारं विनियोजन विधेयक वेगळं.

संरक्षणाचा खर्च एका ठिकाणी नाही, चार मागण्यांत, म्हणजे खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेल्या चार रकमांत, विभागलेला आहे. मागणी क्रमांक १९ संरक्षण मंत्रालयाच्या नागरी खर्चाची, २० सैन्यदलांच्या महसुली खर्चाची, २१ भांडवली खर्चाची आणि २२ निवृत्तिवेतनाची. २०२५-२६ मध्ये या चारींत अनुक्रमे २८,६८२.९७ कोटी, ३,११,७३२.३० कोटी, १,८०,००० कोटी आणि १,६०,७९५ कोटी रुपये होते. बेरीज करून पाहा, ६,८१,२१०.२७ कोटी येते, दशांशापर्यंत जुळते. मधल्या दोनच मागण्यांची बेरीज केली की ४,९१,७३२ कोटी. वरच्या दोन आकड्यांचा उलगडा एवढाच आहे.

प्रत्येक मागणीची पीडीएफ वेगळी आहे आणि फाइलच्या नावातच मागणीचा क्रमांक असतो: एसबीई१९, एसबीई२०, एसबीई२१, एसबीई२२. मुख्य पानावरच्या लांबलचक यादीत मंत्रालय शोधण्यापेक्षा एक फाइल उघडावी आणि पत्त्यातला आकडा बदलत जावं, दोन मिनिटांत चारही कागद हातात येतात. जुन्या वर्षांचे कागद वर्षाच्या नावाच्या फोल्डरमध्ये जपलेले आहेत, तिथेही हीच पद्धत चालते. मात्र मागण्यांचे क्रमांक कायमचे नसतात. मंत्रालयांची फेररचना झाली की ते सरकतात. दहा वर्षांची तुलना करताना क्रमांकावर विसंबू नये, प्रत्येक पानाचं शीर्षक वाचूनच आकडा उचलावा.

नागरी खर्चाच्या मागणीला बरेच जण हात लावत नाहीत, कारण नावावरून ती बाबूंच्या पगाराची वाटते. तटरक्षक दल आणि सीमा रस्ते संघटना याच मागणीत आहेत. २०२५-२६ मध्ये तटरक्षक दलाला ९,६७६.७० कोटी आणि सीमा रस्त्यांच्या भांडवली कामांना ७,१४६.५० कोटी रुपये ठेवले होते. कोकण किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या तटरक्षक नौकेचा खर्च नौदलाच्या आकड्यात शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो. उलट सीमा सुरक्षा दल आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस या चारींपैकी कुठेच नाहीत, ते गृह मंत्रालयाकडे आहेत. सीमेच्या रक्षणाचा पूर्ण खर्च मोजायचा तर गृह मंत्रालयाची पोलीस ही मागणीही उघडावी लागते.

आता पान कसं वाचायचं. एका पानावर चार गट असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पी अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पी अंदाज. प्रत्येक गटात महसुली, भांडवली आणि एकूण असे तीन रकाने, म्हणजे आडवे बारा आकडे. सगळे कोटी रुपयांत. वजा चिन्हाचे आकडे म्हणजे वसुली किंवा जमा, ते वगळून निव्वळ रक्कम काढलेली असते. नुसती टिंबं दिसली तर त्या रकान्यात काही नाही असं समजायचं. मोबाइलच्या पडद्यावर हे बारा रकाने मावत नाहीत. उजवीकडे सरकवताना डावीकडची ओळ हरवते आणि नौदलाच्या ओळीतला आकडा हवाई दलाचा म्हणून वाचला जातो. फोन आडवा धरूनही फारसा फरक पडत नाही. हे काम संगणकावरच करावं, किंवा पान आडव्या ए-फोर कागदावर छापून घ्यावं. पीडीएफमधून तक्ता उचलून एक्सेलमध्ये चिकटवला की दोन ओळींची नावं तुटतात आणि आकडे एक घर सरकतात. जिथे एक्सेल फाइल दिलेली आहे तिथे तीच घ्यावी, आणि जिथे नाही तिथे चिकटवल्यावर एकूण रकान्याची बेरीज स्वतः पडताळावी.

या बारा रकान्यांत सर्वांत जास्त फसगत टक्केवारीची होते. २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चाचा अर्थसंकल्पी अंदाज १,७२,००० कोटींचा होता. वर्ष संपता संपता सुधारित अंदाज १,५९,५०० कोटींवर आला, म्हणजे १२,५०० कोटी कमी. २०२५-२६ साठी १,८०,००० कोटी ठेवले. अर्थसंकल्पी अंदाजाशी तुलना केली तर वाढ ४.६५ टक्के, सुधारित अंदाजाशी केली तर जवळपास १२.८५ टक्के. एकाच पानावरून दोन्ही मथळे निघतात. आमचं मत असं की वाढ मोजताना अर्थसंकल्पी अंदाजाची अर्थसंकल्पी अंदाजाशीच तुलना करावी, आणि सुधारित अंदाज वेगळा वाचावा. मागितलेल्यापैकी किती पचलं हे तो सांगतो. भांडवली खर्चात सुधारित अंदाज खाली आला असेल तर कुठला तरी करार लांबला आहे, नाहीतर माल वेळेवर आलेला नाही, आणि सज्जतेच्या दृष्टीने ती खरी बातमी आहे.

भांडवली मागणीचं पान हे या सेवेतलं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत अपुरं पान. २०२५-२६ साठी तिथे विमानं आणि विमानांच्या इंजिनांना ४८,६१४ कोटी, नौदलाच्या ताफ्याला २४,३९० कोटी आणि इतर सामग्रीला ६३,०९९ कोटी अशा ओळी आहेत. पूर्वी हीच विभागणी सेना, नौदल, हवाई दल अशी दलवार मिळायची. आता विमानं म्हटलं की तिन्ही दलांची एकत्र. लष्कराचं हेलिकॉप्टर, नौदलाचं लढाऊ विमान आणि हवाई दलाचं तेजस एकाच ओळीत. 'इतर सामग्री' ही तर ६३ हजार कोटींची पेटी आहे. तोफा, रडार, क्षेपणास्त्रं, संदेशयंत्रणा सगळं तिच्यात येतं आणि झाकण उघडायची सोय नाही. गोपनीयतेचं कारण इथे पटत नाही, कारण दलवार एकूण रक्कम वर्षानुवर्षं छापली जात होती आणि त्याने शत्रूच्या हाती काही लागल्याचं ऐकिवात नाही. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या अर्थसंकल्पासोबत पी-१ नावाचं पुस्तक निघतं. त्यात खरेदीच्या ओळीसमोर रकमेबरोबर विमानं किती, जहाजं किती हे नगही असतात. आपल्या पानावर नग नाहीत. पैशाच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाला याचा त्रास अधिक होतो, कारण इतके कोटी द्या म्हणताना त्या कोटींत काय येणार हे त्याला दाखवता येत नाही.

याच पानावर आणखी एक मोठा गैरसमज होतो. वर्षाची भांडवली तरतूद म्हणजे त्या वर्षी होणाऱ्या नव्या करारांची रक्कम नव्हे. तिचा मोठा भाग आधी केलेल्या करारांच्या हप्त्यांत जातो. एक ताजं उदाहरण घ्या. २५ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलासाठी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला, कर वगळून ६२,३७० कोटींपेक्षा अधिक रकमेचा. त्या वर्षाची विमानं आणि इंजिनांची पूर्ण तरतूद ४८,६१४ कोटी. एकटा करार तरतुदीपेक्षा मोठा, मग पैसे आणले कुठून, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर असं की सही झाल्यावर आगाऊ रक्कम जाते, मग कामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते, आणि शेवटी विमान हातात आल्यावर उरलेलं. ही विमानं २०२७-२८ पासून सहा वर्षांत यायची आहेत. म्हणजे आजच्या सहीचा भार पुढच्या सात-आठ अर्थसंकल्पांवर आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीने तेजससाठी उत्पादनाची रांग उभी केली आहे, तिथून बाहेर पडणाऱ्या विमानाचा पैसा अशा अनेक वर्षांच्या पानांवर विखुरलेला असतो. कुठल्याही एका वर्षाचं पान उघडून तो सापडणार नाही.

पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केलेल्या अटॅग्ज तोफेचंही तसंच. २६ मार्च २०२५ ला ३०७ तोफा आणि त्या ओढणारी वाहनं यांसाठी सुमारे ६,९०० कोटींचे करार भारत फोर्ज आणि टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याशी झाले. तारीख बघा, आर्थिक वर्ष संपायला पाच दिवस होते. इतक्या उशिरा सही झालेल्या कराराचा भार जवळपास सगळा पुढच्या वर्षांवर जातो.

संरक्षण खरेदी परिषदेने अमुक हजार कोटींना मंजुरी दिली अशी बातमी येते, ती तर याच्याही खूप आधीची पायरी आहे. ती फक्त गरजेला मान्यता असते. त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, प्रत्यक्ष चाचण्या, किमतीची घासाघीस, वित्तीय मंजुरी आणि मग करार. परिषदेचे आकडे अर्थसंकल्पाच्या आकड्यांत मिळवू नयेत. मिळवले की पैसा आहे त्याच्या कितीतरी पट दिसायला लागतो, आणि तुटवड्याची ओरड खोटी वाटायला लागते.

सज्जता म्हणजे फक्त नवी विमानं आणि तोफा नव्हेत. आहे ती तोफ उद्या सकाळी किती गोळे डागू शकेल, आहे ते विमान महिन्यातून किती तास उडू शकेल, हे महसुली खर्चावर ठरतं, आणि त्यातही 'स्टोअर्स' म्हणजे भांडार या गौण शीर्षावर, म्हणजे हिशोबातल्या उपखात्यावर. दारूगोळा, इंधन, सुटे भाग, शिधा, गणवेश हे सगळं तिथे बसतं. मागणी २० च्या पानावर लष्कराला २,०७,५२० कोटी, नौदलाला ३८,१४९ कोटी, हवाई दलाला ५३,७०० कोटी असे ठोकळ आकडे दिसतात. त्यातलं पगारात किती आणि भांडारात किती हे बघायला संरक्षण मंत्रालयाचं 'डिफेन्स सर्व्हिसेस एस्टिमेट्स' हे स्वतंत्र पुस्तक लागतं, ते या संकेतस्थळावर नाही. त्यात लष्कराचं प्रधान शीर्ष २०७६, नौदलाचं २०७७, हवाई दलाचं २०७८, आणि त्यांच्याखाली ११० हे भांडाराचं गौण शीर्ष. सविस्तर अंदाजपत्रकं वाचताना एकक आधी तपासावं. मंत्रालयांच्या सविस्तर मागण्या हजार रुपयांत असतात आणि अर्थ मंत्रालयाची पानं कोटींत. इथे चूक झाली तर उत्तर दहा हजार पटीने चुकतं.

भांडाराच्या ओळीकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, ते महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात लिहून ठेवलं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ६१ प्रकार, म्हणजे ४० टक्के, दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारे नव्हते. साठा ठेवायचा निकष ४० दिवसांच्या घनघोर युद्धाचा. तोफा होत्या, तोफखान्याची माणसं होती, गोळे कमी होते. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात रचलेली प्रत्येक पेटी, खडकी, वरणगाव, भंडारा, चंद्रपूरच्या कारखान्यांना मिळणारी प्रत्येक मागणी शेवटी या एका शीर्षातून निघते. हातात दहाच मिनिटं असतील तर भांडवली पान सोडून ही ओळ बघावी. पगार वाढले, निवृत्तिवेतन वाढलं आणि भांडार तिथल्या तिथे राहिलं, तर एकूण आकडा फुगलेला असूनही दारूगोळ्याची कोठी भरलेली नसते. अर्थात निवृत्तिवेतनाचे १,६०,७९५ कोटी हे देशाचं ऋण आहे आणि ते चुकतं झालंच पाहिजे, त्याला सज्जतेच्या आड येणारा खर्च म्हणणं आम्हाला मान्य नाही. पण सकल देशांतर्गत उत्पादनाशी (जीडीपीशी) गुणोत्तर काढताना ते धरलं की नाही हे सांगायला हवं. २०२५-२६ च्या अंदाजित उत्पादनाशी पूर्ण तरतूद सुमारे १.९ टक्के होते, निवृत्तिवेतन वगळून सुमारे १.४६ टक्के. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने ३ टक्क्यांची अपेक्षा व्यक्त केलेली आहे. वादात एक पक्ष १.९ घेतो, दुसरा १.४६.

कायद्याच्या बाजूने ही सेवा अर्ध्यावर सोडते. कागद मांडले जातात त्या दिवशी त्या फक्त मागण्या असतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ प्रमाणे लोकसभा त्यांवर मतदान करते, अनुच्छेद ११४ प्रमाणे विनियोजन विधेयक मंजूर होतं, आणि ते झाल्याशिवाय संचित निधीतून रुपयाही निघत नाही. विधेयक धन विधेयक असल्याने राज्यसभेला शिफारशींसाठी १४ दिवस मिळतात, अडवता येत नाही. कोर्टाच्या निवाड्यांची देणी वगैरे थोडी रक्कम 'भारित' असते, तिच्यावर मतदान होत नाही. बाकी सगळी दत्तमत, म्हणजे मतदानाने मंजूर होणारी. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत संरक्षणविषयक स्थायी समिती चारही मागण्या तपासते, अधिकाऱ्यांना बोलावते, आणि दलांनी किती मागितलं नि किती मिळालं हा सर्वांत मोलाचा तक्ता तिच्या अहवालात येतो. तो अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर मिळतो. इथून तिकडे जायचा दुवा मागणीच्या पानावरच दिला असता तर नागरिकाचा अर्धा वेळ वाचला असता. वेळ संपला की चर्चा न झालेल्या मागण्या एकत्रच मताला टाकतात आणि एका झटक्यात मंजूर होतात. संरक्षणाची मागणी चर्चेविना गेली तर खासदारांनी विचारायचे प्रश्न तिथेच राहतात. म्हणून आपल्या खासदाराला पत्र लिहायचं असेल तर ते समिती बसायच्या आधी, फेब्रुवारीतच पोहोचावं, आणि त्यात 'संरक्षणावर खर्च वाढवा' एवढंच न लिहिता मागणीचा क्रमांक, शीर्ष आणि दोन वर्षांचे आकडे असावेत. एका पानात मावतं.

भाषेची अडचण मोठी आहे. कागद हिंदीत आणि इंग्रजीत, मराठीत नाहीत. २०२१ पासून असलेलं 'युनियन बजेट' ॲपही याच दोन भाषांत. पत्र सूचना कार्यालय मराठीत प्रसिद्धिपत्रक काढतं, ते चांगलं असतं, पण त्यात वाढीच्या बाजूचे आकडे पुढे असतात आणि सुधारित अंदाजातली घट शोधावी लागते. हिंदी प्रत वाचताना महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाची सवय असलेल्यांनी शब्दांकडे लक्ष द्यावं. हिंदीतलं 'राजस्व' म्हणजे आपलं महसुली, 'पूंजी' म्हणजे भांडवली, 'संशोधित अनुमान' म्हणजे सुधारित अंदाज. संशोधन या शब्दावरून ती ओळ डीआरडीओची समजू नये.

अचूकतेला आणि वेळेवर उपलब्धतेला पाचपैकी पाच गुण. सापडण्याच्या सोयीला दोन, भांडवली तपशिलाला एक.

या संकेतस्थळावर जे दिसत नाही ते ३१ मार्चला घडतं. न वापरलेली रक्कम त्या रात्री व्यपगत होते, म्हणजे तिची मंजुरी संपते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागावी लागते. विमानाच्या कराराला तीन-चार वर्षं लागतात, पैसा मात्र बारा महिन्यांत संपवायचा. यावर एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या १५ व्या वित्त आयोगाने उपाय सुचवला होता: संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणासाठी व्यपगत न होणारा निधी, २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी २,३८,३५४ कोटींचा. सरकारने तो तत्त्वतः मान्यही केला. २०२५-२६ च्या चारही मागण्या ओळ न् ओळ चाळल्या तरी त्या नावाचं शीर्ष सापडत नाही. पुढच्या १ फेब्रुवारीला एसबीई२१ उघडाल तेव्हा आधी सुधारित अंदाजाचा रकाना बघा, मग हे शीर्ष आलं आहे का ते शोधा.